फोर्कचं रबर

खंडेनवमी, गुरुवार. हजर : आबा, माय, मी, भाऊसाहेब. मोतीराममामा दुपारी बारापर्यंत.

वहीतल्या त्या पानाच्या माथ्यावर एवढंच लिहिलेलं आहे, माझ्या अकरावीतल्या गोल अक्षरात. खाली कामाची यादी आहे आणि उजव्या कोपऱ्यात तेलकट अंगठ्याचा ठसा. तो बहुधा माझाच. वही गॅरेजची आहे. आबांच्या माघारी घर आवरताना भावानं हत्यारं घेतली, मी वह्या घेतल्या. बाकीच्या वह्या कपाटात आहेत, ही एक मात्र टेबलाच्या खणात असते.

आमचं गॅरेज उमापूरच्या फाट्यावर होतं. पुढं पत्र्याचं शेड, शेडमध्ये माणूस छातीपर्यंत उभा राहील एवढा खड्डा, त्याच्या कडेनं हत्यारांची फळी आणि मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत असल्यानं मायनं तव्यावर धपाटं टाकलं की त्याचा चर्र आवाज खड्ड्यात ऐकू यायचा, आणि आबांच्या हातून पाना निसटला की माय चुलीपुढूनच विचारायची, "लागलं का?" आबा लागलं तरी "न्हाई" म्हणायचे आणि माय न विचारता हळदीची वाटी आणून ठेवायची. आमच्या भाकरीला डिझेलचा वास येतो, असं वर्गातल्या पोरी म्हणायच्या. मला तो कधी आला नाही. मला वास यायचा तो जवसाच्या चटणीचा, ओल्या मातीवर सांडलेल्या रॉकेलचा आणि आबांच्या सदऱ्याचा.

वही माझ्याकडं आठवीत असताना आली. आबा सातवी पास होते, लिहायचा त्यांना कंटाळा होता, पण लिहून ठेवण्यावर भारी विश्वास होता. गाडीची जी वस्तू उघडली ती एका ओळीत लिहायची आणि बसली की तिच्यापुढं बरोबरची खूण करायची. सगळ्या खुणा झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर जायची नाही. "डोक्यावर भरोसा ठेवायचा न्हाई सुजा," ते म्हणायचे, "डोकं बी गाडीसारखंच हाय, कवा बंद पडंल सांगता येत न्हाई." आज मी अंबाजोगाईत ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. पोट शिवण्याआधी बोळे, चिमटे, सुया मोजते, आणि आकडा जुळल्याशिवाय मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही टाका घालू देत नाही. नव्या मुली माघारी म्हणतात, सुजाता सिस्टर लई कडक. हा कडकपणा कुठून आला ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता फवाऱ्याचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. खंडेनवमीला लोक हत्यारांची आणि गाड्यांची पूजा करतात. पूजेआधी गाडी धुवायची, आणि नुसती धुवून भागत नाही. काळं ऑइल आणि डिझेल एकत्र करून कॉम्प्रेसरच्या गनने गाडीच्या पोटाखाली फवारा मारायचा, म्हणजे गंज धरत नाही आणि खालचं सगळं लोखंड नव्यासारखं चमकतं. त्या दिवसांत फाट्यावर गाड्यांची रांग लागायची. आमच्या घरी पूजा नसे. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून बीडच्या विहारात वंदनेला जायचो. पण लोकांच्या गाड्या चमकवायचं काम आमच्याकडंच असायचं. आबांना फवाऱ्यानं खोकला यायचा म्हणून तोंडाला ओढणी बांधून गन मीच चालवायची. त्या अष्टमीला मी अकरा गाड्या मारल्या. वहीच्या कडेला "११" असा आकडा काढून त्याभोवती गोल केलाय. किती खूश होते मी माझ्या झपाट्यावर!

त्या अकरांपैकी नववी गाडी भाऊसाहेबांची जीप होती. भाऊसाहेब म्हणजे गावातली मोठी शेती, दर निवडणुकीत पुढं बसणारा माणूस. जीप त्यांची, पण तिच्यावर जीव होता तो मोतीराममामांचा. मोतीराममामा त्यांचे ड्रायव्हर, अकरा वर्षं त्याच जीपवर. ते माझे नात्यानं मामा नव्हेत, पण शेडमध्ये जो येईल तो मामा नाहीतर काका, असा आमच्याकडचा हिशेब होता. ड्रायव्हर होण्याआधी ते आणि गोदामामी दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. नवराबायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. दसरा झाला की ट्रक भरून असे कोयते आमच्या भागातून निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. जीपची चावी हातात आल्यापासून मामांनी कोयता माळ्यावर टाकला होता.

जीपचा क्लच जड लागतोय म्हणून अष्टमीला सकाळी आबांनी तो सैल करून बसवला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक डबा असतो, त्यात क्लचची प्लेट. कोरडे तळहात एकमेकांवर दाबले की एक फिरवल्यावर दुसरा फिरतो, तशी ती प्लेट इंजिनाचं फिरणं चाकांपर्यंत पोचवते. कोरडी असते तोवरच. त्या डब्यात बाजूनं एक दांडा जातो, त्याला फोर्क म्हणतात, आणि दांडा जिथून आत जातो त्या भोकावर तळहाताएवढं रबर बसवलेलं असतं. आबांनी फोर्कला ग्रीस लावण्यासाठी ते रबर काढलं, रॉकेलच्या डब्यात धुवायला टाकलं आणि मला म्हणाले, "वाळलं की बसव." मी लिहिलं : फोर्कचं रबर, बसवणे. मग रांग वाढली. मोतीराममामा झेंडूची टोपली घेऊन घाई करत उभे राहिले. "खालून बी आरशासारखी पायजे सुजे. मालक वाकून बघतो." मी गन उचलली आणि पोटाखालचा एकही कोपरा कोरडा ठेवला नाही.

खंडेनवमीला सकाळी अकराच्या सुमारास मी शेड झाडत होते, तेव्हा रस्त्यावरून इंजिनाचा आवाज आला. आवाज जोरात पळणाऱ्या गाडीचा होता, पण गाडी येत होती बैलगाडीच्या चालीनं. बोनेटवर झेंडूच्या माळा, काचेवर हळदकुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू फोडल्याचा ओला डाग, आणि जळक्या कापडासारखा वास. मामांनी जीप कशीबशी शेडपुढं आणली. शेजारच्या सीटवरून भाऊसाहेब उतरले ते बोलतच.

"मिस्त्री, बघा ह्येचे प्रताप! सकाळी पूजा केली, नारळ फोडला, आन ओढ्याच्या चढावर गाडी नुसती बोंबलती, उचलत न्हाई. मागं ट्रॅक्टरवाली पोरं दात काढीत व्हती. उद्या पाहुणे आणायचेत मला, पायी आणू का?"

"कवापासून झालं?" आबांनी विचारलं.

"आज सकाळपासून. आधी पलीकडच्या मिस्त्रीकडं गेलतो. त्यानं पाने, जॅक, समदं चौरंगावर मांडून फुलं वाहिलीत. म्हनतो, उद्यापातूर हात लावत न्हाई. तुमच्यात तसलं न्हाई ना?"

"न्हाई. आमची हत्यारं फळीवरच हायेत."

आबांनी आधी पेडल बोटांनी दाबून पाहिलं. वरचा ढिलेपणा बरोबर होता. मग ते स्वतः बसले, हँडब्रेक ओढला, टॉपचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. प्लेट पकडत असेल तर असं केल्यावर इंजिन गचकन बंद पडायला हवं. इंजिन मजेत फिरत राहिलं आणि वास वाढला. आबांनी चावी फिरवून बंद केलं. "गिअरबॉक्स ठीक हाय. प्लेट निसटतीया."

भाऊसाहेबांना तेवढंच हवं होतं. ते मामांकडं वळले. "काय बे मोत्या, पाय ठिवून चालवितो ना क्लचवर? जाळली ना प्लेट? अकरा वर्सं झाली, आजूक पाय काढता येत न्हाई?"

"न्हाई मालक." मामा माळेतली सुटलेली फुलं नीट करत होते. "म्हंजी... चढावर राहिला असंल."

"असंल म्हंजी? ठिवला का न्हाई?"

मामांनी एकदा आबांकडं पाहिलं, एकदा जीपकडं. "ठिवला मालक," ते म्हणाले.

मला तेव्हाही माहीत होतं की हे खोटं आहे. उभ्या चढावर जीप थांबवून, मागच्या चाकाखालचा खडा न हलवता पुन्हा पुढं नेणारा माणूस होता तो. पण मालक इतक्या खात्रीनं बोलतोय म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना खरोखरच वाटलं. पुढं दवाखान्यात असे पुष्कळ लोक पाहिले. डॉक्टर दरडावून म्हणाला, "गोळ्या चुकवल्या ना?" की न चुकवणारा म्हातारासुद्धा मान खाली घालून हो म्हणतो.

"भाऊसाहेब," आबा म्हणाले, "उघडल्याबिगर कुणाचं नाव घेऊ नका."

"तुमी उघडा. पण चावी ठिव रे तिथं. उद्यापासून दुसरा माणूस बघतो मी."

चावीला मामांनी स्वतः विणलेला लाल लोकरीचा गोंडा होता. तो सोडवायचा की राहू द्यायचा, यात त्यांचा हात क्षणभर घुटमळला. मग गोंड्यासकट चावी त्यांनी फळीवर ठेवली. आबा जॅक आणायला मागं गेले होते. मामा माठाजवळ आले, मी पाणी दिलं. पाणी पिऊन ते हसले. "मुकादम तीन दिवस झाले दारात येतोय सुजे. त्याच्या टोळीत एक कोयता कमी पडतोय म्हनं. उद्या दसरा झाला की ट्रक हलतो. चला, गोदीला सांगतो, कोयता उतरव माळ्यावरून." हे त्यांनी फक्त मला सांगितलं. आबांनी ऐकलं नाही, मायनं ऐकलं नाही. मी वही उघडली आणि लिहिलं : मोतीराममामा दुपारी बारापर्यंत.

जीप खड्ड्यावर घेतली. गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय प्लेट दिसत नाही, आणि तो उतरवायचा तर मागचा जॉइंट शाफ्ट, आडवा पट्टा, डब्याचे बोल्ट असं सगळं एकामागून एक सोडवावं लागतं. मी आधी उतरले. शाफ्टचा पहिला बोल्ट सैल केला, दिवा सरकवला, आणि डाव्या बाजूला ते भोक दिसलं. उघडं होतं. फोर्कचा दांडा त्यातून बाहेर आलेला, रबर नाही, आणि भोकाची कड आतपर्यंत काळ्या तेलानं चमकत होती. आरशासारखी. रबर कुठं आहे ते मला लगेच आठवलं. रॉकेलच्या डब्यात, फळीच्या टोकाला. रांगेच्या घाईत काल वही न बघताच मी जीप सोडली होती. त्या ओळीपुढं खूण नसणार, हे वही न उघडताच मला कळलं. मी पाना हातात घेऊन तशीच उभी राहिले. तेवढ्यात आबा खाली उतरले आणि मी काय करावं? डाव्या बाजूला सरकले, भोक माझ्या खांद्याआड जाईल अशी. "जॉइंट शाफ्ट उघडला, साडेबारा," असं वहीत लिहिलं.

तिथून पुढचे दोन तास मला मिनिटामिनिटानं आठवतात. वर भाऊसाहेब खुर्ची टाकून बसलेले, त्यांच्या वहाणांचे तळवे खड्ड्यातून दिसत होते. ते जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगत, "मोत्यानं प्लेट जाळली. काढला त्याला." प्रत्येक माणसाला नव्यानं, प्रत्येक वेळी थोडं वाढवून. भिंतीपलीकडं धपाटी थापल्याचा आवाज होता. उद्याच्या पांढऱ्या साड्यांना मायनं खळ केली होती, तिचा वास येत होता. मी बोल्ट सोडवत होते, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांत क्रमानं खोचत होते आणि मनाशी एकच घोकत होते : तेल आत गेलं नसेल. प्लेट खरंच जळलेली असेल. नाहीतर इंजिनाचं मागचं सील फुटून तेल आलं असेल, तसं होतं कधीकधी, त्यात कुणाचीच चूक नसते. मला फक्त प्लेट बाहेर येईपर्यंत थांबायचं होतं. आणि दुसरीकडं डोक्यात मुकादमाची मोटारसायकल मामांच्या दारात उभी राहत होती. प्रत्येक बोल्टला वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यात खोचला जायचा आणि मी पुढचा धरायचे. मायनं वरून ताटली सरकवली, "खाऊन घ्या गं आधी." आबांनी खाल्लं. मी ताटली बाजूला सारली. "पोट बरं न्हाई का?" मायनं विचारलं. मी हो म्हणाले.

दोन वाजता गिअरबॉक्स जुन्या टायरवर उतरला. अडीचला आबांनी झाकणाचे सहा बोल्ट काढून प्लेट हातात घेतली. ती त्यांनी दिव्याजवळ धरली, कडेवर नख फिरवलं. घासून खिळे वर आलेले नव्हते, प्लेट जाड होती, बरेच दिवस टिकली असती. पण तोंडावर काळा, ओला, भाजल्यासारखा थर होता. आबांनी इंजिनाच्या सीलवर बोट फिरवलं. कोरडं. गिअरबॉक्सच्या तोंडावर फिरवलं. कोरडं. मग प्लेट नाकाजवळ नेली, आणि माझ्याकडं न बघता माझ्यापुढं धरली. डिझेलचा वास. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या ऑइलला असा वास नसतो. असा वास फक्त फवाऱ्याच्या गनला येतो.

"आबा, रबर बसवायचं राहिलं," मी म्हणाले. "डब्यातच हाय."

"भोक उघडं दिसलं व्हतं मला," आबा म्हणाले. "खाली उतरल्या उतरल्या. तुझ्या खांद्याआडून." त्यांनी प्लेट पोत्यावर ठेवली. "तेल आत गेलंय का न्हाई, उघडल्याबिगर कळणार नव्हतं. आन म्हनलं, बोलंल ही. थांबलो."

मग मी मुकादमाचं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. आबांचा चेहरा तेव्हा बदलला, आधी नाही. ते वर चढले, हात पुसले आणि भाऊसाहेबांसमोर उभे राहिले. "प्लेट जळलेली न्हाई. फवाऱ्याचं तेल आत गेलंय. चूक गॅरेजची हाय, मोतीरामची न्हाई. माझ्याकडं एक चांगली प्लेट ठिवलेली हाय, ती बसवून देतो."

भाऊसाहेब जरा गोंधळले. दोन तासांत त्यांनी दहा माणसांना दुसरंच सांगितलं होतं. "असं व्हय," ते म्हणाले. "मग त्यो कावून म्हनला, पाय ठिवला म्हणून?"

"तुमी विचारलंत म्हणून."

मग भाऊसाहेबांनी हात झटकला. "बोलवा मग त्याला. चावी हाय तिथंच हाय." आबांनी सायकलकडं बोट केलं. "जा सुजा. काय झालं ते सांग. तुझ्या तोंडानं सांग. आन घिऊन ये त्याला."

मामांची वस्ती सायकलवर वीस मिनिटांची. रस्त्याला कापूस फुटला होता, ऊन तापलेलं, आणि मी वाक्य पाठ करत होते. मामा, चूक माझी हाय, मी रबर बसवलं न्हाई, तुमचा पाय बरोबर व्हता. मामा, चूक माझी हाय. प्रत्येक पेडलला एक शब्द. वस्तीवर पोचले तेव्हा मोतीराममामा अंगणात दगडावर कोयत्याला पाणी लावून धार काढत होते. गोदामामी गोधड्यांचं गाठोडं आवळत होती. माझ्याकडं पाहून तिनं गाठ दातांनी ओढली.

"ये सुजे," मामा म्हणाले. "झाली का गाडी? प्लेट गेली ना?"

"मामा, मालकानं बोलावलंय."

"कावून? शिव्या द्यायच्या राहिल्यात का आजूक?" ते हसले. "आता काय उपेग न्हाई पोरी. दोन वाजता मुकादम आलता. शब्द दिलाय. समद्या टोळीचं त्याच्यावर ठरलंय, आता माघारी फिरलो तर चार लोक थुकतील तोंडावर." त्यांनी कोयत्याची धार अंगठ्यानं पाहिली. "मिस्त्रीला माझा नमस्कार सांग. त्यांनी कालच क्लच बसवून दिलता आन मी त्याची वाट लावली. त्यांच्या कामाला माझ्यामुळं नाव लागलं. म्हनावं, राग धरू नका."

हाच क्षण होता. वाक्य जिभेवर होतं. गोदामामीनं डोळे वर करून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कशाला बोलावलंय गं मालकानं?"

"असंच," मी म्हणाले.

परत येताना मी सायकल हातात धरून चालत आले. दोन वाजता. गिअरबॉक्स टायरवर उतरत होता तेव्हा. साडेबाराला मला कळलं होतं. दीड तास होता माझ्या हातात.

शेडमध्ये आबांनी इंजिनाचं चाक पेट्रोलनं पुसून पॉलिश पेपरनं घासलं होतं. "गेले ते," मी म्हणाले. "शब्द दिलाय म्हनले." भाऊसाहेब म्हणाले, "बरं, राहू दे मग," आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एकाला हाक मारून दुसऱ्या ड्रायव्हरची चौकशी करू लागले. आबा माझ्याकडं बघत होते. "सांगितलंस ना त्याला?" त्यांनी हळू विचारलं. मी पुठ्ठ्यातले बोल्ट मोजायला घेतले. मोठ्यानं मोजत होते. एक, दोन, तीन. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जपून ठेवलेली प्लेट आबांनी जुन्या शाफ्टवर ओवून बरोबर मध्यावर धरली, मी झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं आवळले. गिअरबॉक्स वर चढवताना बोलणं कामापुरतं. वर, डावीकडं, थांब, एवढंच. पुठ्ठा रिकामा झाला. शेवटी मी रॉकेलच्या डब्यातून ते रबर काढलं, फडक्यानं पुसलं आणि खड्ड्यात उतरून दोन्ही अंगठ्यांनी दाबून भोकावर बसवलं. बसायला अर्धं मिनिट लागलं. आबांनी पुन्हा हँडब्रेक ओढून, टॉप टाकून क्लच सोडला. इंजिन गचकन बंद पडलं. दिवस बुडायच्या आत जीप सुकलेल्या माळांसकट ओढ्याचा चढ एका दमात चढून गेली. चालवायला भाऊसाहेब स्वतः बसले होते, आणि चावीला लाल गोंडा तसाच लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून बीडला जायच्या आधी मी वही उघडली. सगळ्या ओळींपुढं खुणा होत्या. फोर्कचं रबर, बसवणे. बरोबर. त्याच्या खाली एक नवी ओळ होती, आबांच्या वेड्यावाकड्या अक्षरातली. त्या वहीत त्यांनी स्वतः लिहिलेली तेवढी एकच : मोतीरामला सांगणे. संध्याकाळी परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले होते. गेवराईच्या अलीकडं भरलेला एक ट्रक दिसला, वर माणसं, गाठोडी, कोंबड्यांची डालगी. मी तोंड फिरवलं, त्यामुळं त्यात कोण होतं ते मला सांगता येणार नाही.

त्या हंगामानंतर भाऊसाहेबांची जीप दुसऱ्याकडंच राहिली. मोतीराममामा आणि मामी कोयत्यावर जात राहिले, किती वर्षं ते मी मोजलेलं नाही. मोजायचं टाळलेली ती एक गोष्ट. मी नर्सिंगला होते तेव्हा गेवराईच्या स्टँडवर मामा एकदा भेटले. कमरेत वाकलेले, पण हसू तेच. पोराला लायसन मिळालं म्हणून खुशीत होते. "त्याला पहिलं काय शिकवलं सांगू का सुजे? म्हनलं, क्लचवरचा पाय काढ. तुझा बाप त्याच्यापायीच बुडला. म्हनून दाखवायला लावतो त्याला रोज." माझी गाडी लागली होती. मी म्हणाले, "मामा, गाडी लागली," आणि चढले. आबांनी शेवटपर्यंत मला कधी विचारलं नाही. त्यांना विचारायची गरज नव्हती, वही त्यांच्या डोळ्यांपुढंच असायची. ते त्या दुपारी दोन तास का थांबले, यावरून मी त्यांच्यावर रागावूही शकले असते. पण मुकादमाचं मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

मामा अजून आहेत. पोराची आता स्वतःची गाडी आहे, शाळेची मुलं नेतो, आणि माझा भाऊ सांगतो की नातवाला ट्रॅक्टर शिकवतानाही म्हातारा खाटेवरून ओरडतो, "पाय काढ!" यंदा दसऱ्याची दोन दिवसांची रजा मी आधीच मंजूर करून घेतली आहे. भावाला कळवलं. मामीसाठी लुगडं घेतलं. बीडला वंदनेला जायचं तिकीट काढलं. उमापूरला उतरून वस्तीवर जायचा रस्ता आता डांबरी आहे हे विचारून ठेवलं. यादीतल्या या सगळ्यांपुढं खुणा आहेत. शेवटची ओळ मी नव्यानं लिहिली नाही. आबांचीच आहे, जुन्या वहीतली, आणि तिच्यापुढची जागा कोरी आहे.